अस्तर

गाडी उलगडली की गाडीसारखी दिसत नाही.
चौरस पांढऱ्या पानावर
एक दार इथे, बॉनेट आडवं,
छप्पर कोपऱ्यात उताणं,
आरशांचे कान कुठल्या कुठे फेकलेले.
कुठली रेघ कुठल्या रेघेला जाऊन मिळते
ते मी तासभर बघत बसलो होतो.
आई चहा ठेवायला वर आली, वाकली,
म्हणाली, "हे कुणाचं बेतलंयस?"

कोपरखैरणे, सेक्टर पाच, माथाडींची ओळ.
खाली आईचं मशीन, वर माझं.
मधल्या मजल्यावर
मार्केटात कांद्याच्या गोण्यांनी मोडलेली पाठ
फरशीला टेकून
बाबा दोन्ही घरघरींत झोपतात.

मी सांगितलं, पोलंडचा तोमाश आहे एक,
त्याची गाडी. खरी नाही, खेळातली.
शनिवारी शर्यत आहे.
आईला पोलंड सापडला नाही,
दार मात्र लगेच सापडलं.
"ही पुढची बाजू. हा खांदा. ही बगल."
चाकाच्या कमानीवर बोट थांबलं.
"इथे घोळ होणार तुझा."

झालाच.
हिरवा पट्टा दारावर सरळ,
पुढच्या पत्र्यावर गेला की दोन बोटं खाली.
थर लपवले, थर दाखवले,
पिक्सेल मोजले माउसच्या टोकाने,
गाडी फिरवून पाहिली पन्नासदा.
पट्टा तिथेच तुटायचा.

"चौकडीचं कापड कधी शिवलंयस?
आधी शिवण जुळवायची, मग मधलं बघायचं.
आणि रंग रेघेबाहेर जाऊ दे जरा.
काटोकाट कापलेलं उसवतं."
मी आठ पिक्सेल सोडले.
कडेची केसाएवढी पांढरी रेघ गेली.

दुसरी भानगड अशी, की
डाव्या अंगाचंच कापड उजव्या अंगाला उलटं लागतं,
म्हणून त्रेचाळीस, जो इथल्या प्रत्येक नंबरपाटीवर असतो
आणि तोमाशला न विचारता मी घेतला,
उजवीकडून आरशात पाहिल्यासारखा.
यावर आईकडे इलाज नव्हता.
आकडा छपरावर नेला.
दारांवर घरतकाकूंच्या ब्लाउजच्या पाठीवरची फुलं काढली.
फुलांना कुठे असते उलटसुलट.

शुक्रवारी रात्री
दातांनी दोरा तोडत तिने विचारलं,
"अस्तर कुठाय?"
गाडी खालून कोण बघतं, मी म्हणालो.
"ब्लाउज आतून कोण बघतं?"
आणि हूक लावत राहिली.

पानाच्या तळाशी एक राखाडी तुकडा असतो,
कुणी हात लावत नाही त्याला.
तिच्या मापांच्या वहीचं एक पान
मोबाइलवर फोटो काढून
मी तिथे पसरलं. तिला बोललो नाही.

शनिवारी तिसऱ्या फेरीत
तोमाश कठड्यावर आदळला आणि उलटा झाला.
कॅमेरा हलेना.
चार चाकं आभाळात सावकाश फिरतायत
आणि मधोमध, निळ्या बॉलपेनने,
उंची साडेतेरा. बाही नऊ.
गळा पुढून खोल नको.
घरत. मंगळवारी देणे.

तोमाशने विचारलं, हा मंत्र आहे का?
मी उत्तर टाइप करत होतो
तोवर आई चष्मा पुसून पडद्याला नाक लावून उभी.
आता काहीतरी बोलेल, मला वाटलं.
हसेल तरी.

"नऊ नाही ते," ती म्हणाली.
"साडेनऊ. अर्धा पुसट झालाय, बघ,
एवढं मोठं केल्यावर दिसला.
मी नऊवरच शिवलीये गं बाई."

चाकं अजून फिरत होती.
जिन्यावर तिची पावलं, मग
खाली मशीनवरचा दिवा लागला.
त्या रात्री मशीन चाललं नाही बराच वेळ.
उसवण्याला आवाज नसतो.