पासंग

बर्नमध्ये, आरे नदी वळते तिथल्या एका इमारतीत
तीन दिवस आम्ही एकाच शब्दाची सीमा आखत होतो:
नगण्य.

बाराजण होतो. पेन्सिलीनं टेबलावर ठोके देणारा एबिशर,
दोन रुग्णालयांची माणसं, भंगारवाल्यांच्या संघाचा वकील,
आणि मी, ओडिल कालाम, तक्ता टंकणारी.
कुणाच्या फडताळात, शाळेच्या प्रयोगशाळेत, भंगाराच्या ट्रकात
किती किरणोत्सारी असलं तर कायद्यानं मान वळवायची,
एवढंच ठरवायचं होतं.

"वर्षाला दहा मायक्रोसिव्हर्ट," एबिशर म्हणाला,
"म्हणजे दशलक्षात एकाला काही होईल. तेही कदाचित."
वकिलानं मान डोलावली.
मी इतिवृत्तात लिहिलं: एक.
खोडलं, आणि लिहिलं: नगण्य.
तो एक कुठल्या गल्लीत राहतो
याला रकाना नव्हता.

ल लोक्लच्या बाजारात चीज विकणारी एक बाई होती.
तराजूचं एक पारडं जन्माचं हलकं,
म्हणून त्यात ती आधी एक लोखंडी नट टाकायची, मग वजन करायची.
त्या नटाचे पैसे कुणी दिले नाहीत, कुणी मागितले नाहीत.
पण तो काढला असता
तर गावातला प्रत्येक व्यवहार थोडासा खोटा झाला असता.

त्याच गावात, स्वयंपाकघराच्या टेबलावर
माझी आत्या नेली घड्याळांचे आकडे रंगवायची.
शेकड्यावर मजुरी. बाहेर गुडघाभर बर्फ.
कुंचला एप्रनला पुसायचा, त्याच एप्रनवर बटाटे सोलायचे.
रात्री दिवा मालवला की एप्रन खुंटीवर हिरवा दिसायचा,
आणि आम्ही पोरं हसायचो.
आत्या एक्याण्णव वर्षं जगली.
शेजारच्या खुर्चीवर बसणारी जिनेट चौतिसाव्या वर्षी गेली.
दोघींचा रंग एकाच बाटलीतला.

आत्याचं गजराचं घड्याळ माझ्याकडे आहे.
दुसऱ्या दिवशी मी ते पिशवीतून नेलं, एबिशरनं मोजलं:
अकरा हजार दोनशे बेकरेल.
आमची रेषा दहा हजारांवर.
"बाराशेनं अडलं," तो म्हणाला, आणि चष्मा पुसत बसला.
मग, माझं वाईट वाटू नये म्हणून बहुधा, म्हणाला,
"आपल्या प्रत्येकाच्या अंगातच चारेक हजार असतात,
हाडामांसातलं पोटॅशियम. तिघं एका बाकावर बसलो
की या घड्याळाच्या पुढे जातो."
पण कलम दोन स्पष्ट आहे:
मानवी शरीर या नियमांच्या कक्षेत येत नाही.
ते वाक्य मीच टंकलं होतं, स्वल्पविरामासकट.

लिफ्टमध्ये वकील कानाशी वाकला.
"काटे काढा, मॅडम. काटे एका घरात, तबकडी दुसऱ्या घरात.
दोन्ही रेषेखाली. कुणी विचारणार नाही."
थेंबे थेंबे साचलेलं तळं
हा माणूस ओंजळीओंजळीनं वाटून टाकणार होता,
आणि हिशोबात तळं कुठेच दिसणार नव्हतं.
मी हसले. का हसले, कोण जाणे.

चौथ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, "हरकत?"
खिडकीबाहेर कुणीतरी नदीत पोहत होतं, डोक्यावर पिशवी बांधून.
मी एकावर चार शून्यं टंकली.
हात थांबला, पण कुणाला दिसण्याइतका नाही.

घड्याळ अजून घरी आहे. परवान्याचा अर्ज भरलाय,
"वापराचा उद्देश" एवढीच ओळ कोरी.
आता ते अंधारात उजळत नाही.
आतला रंग मारा खाऊन खाऊन थकला,
रेडियम मात्र सोळाशे वर्षांत जेमतेम अर्धं होईल.
चावी दिली की टिकटिकतं, दिवसाला सहा मिनिटं मागे पडतं.

काल झोपण्याआधी मी ते उशाकडून
खिडकीकडे सरकवलं.
वीतभर.