पाण्याचा वार

शनिवारी हाफ-डे टाकून निघाले, अनसूया.
नळदुर्गच्या स्टँडवर उभ्यानं चहा,
पिशवीत एक जादा साडी, दोन किलो तूरडाळ.
मुलगा म्हणाला, सोलापुरात काय डाळ मिळत नाही?
त्याला काय सांगू.
पंचेचाळीस किलोमीटर,
जायला बावीस वर्षं लागली.

तू फोनवर यादी वाचली होतीस:
सकाळी सिद्धेश्वराचं तळं,
दुपारी नव्या पेठेत ब्लाउजपीस,
रात्री गच्चीवर तिघी, उजाडेपर्यंत.
"मोठं गाव हाय आमचं, उगं नाही."

रिक्षा विडी घरकुलात वळली.
उंबऱ्यात तुझ्या जाऊबाई, मांडीवर सूप,
बोटं पानावर, नजर माझ्यावर.
"ह्याच का त्या, पोस्टातल्या?"
विचारताना एकही विडी सैल वळली नाही त्यांनी.

शमशाद आली विजापूर वेशीतून,
लेकाच्या गाडीवर मागं, गुडघ्याला पट्टा,
"कुछ नै लायी" म्हणत हातात हा एवढा डबा.
तिघींनी एकमेकींकडं पाहिलं
आणि आधी केसांबद्दलच बोललो.
मेंदी कुठली, किती वेळ ठेवतेस.
विचारायचं दुसरंच होतं.
जेवणं होऊ देत, असं तिघींनाही वाटलं असावं.

जेवणं झाली. तू सुपारी कातरत म्हणालीस,
"ह्यांना जाऊन तसं आता..."
आणि बोळाच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं:
"नीळ्ळु वच्चिनै!"

साडेअकरा रात्रीचे. वार उद्याचा होता, आलं आज.
तू वाक्य तिथंच टाकून पळालीस.

गल्लीभर दिवे. मोटारी खाकरल्या.
टाकी, पिंप, घागरी, कुकर, मग कुकरचं झाकणसुद्धा,
नातवाची बदकाच्या चित्राची बादली.
शमशाद पायरीवर बसून पाइप धरून,
मी घागरी सरकवतेय, तू आत नेऊन ओततेस.
एका खेपेला एक वाक्य.

"न्हाणीतच पडले."
रिकामी घागर, भरलेली घागर.
"दवाखान्यात नेईस्तोवर..."
भरलेली घागर.
"मेरेकू बी दो महिने बाद बताई ये," शमशाद पाइपाला म्हणाली.
मी म्हणाले, मी तर रोज टपाल हाताळते,
तुझं एक कार्ड नाही आलं.
तू हसलीस, कमरेवरची घागर हिंदकळली.
"काय लिहू कार्डात, पाणी आलंय म्हणू?"

माझंही एक वाक्य होतं.
पाच खेपा घशाशी येऊन परत गेलं.
सहावीला म्हणाले: मी वेगळी राहते, तीन वर्षं झाली.
तू घागर उचललीस, आत गेलीस.
बराच वेळ आतून ओतल्याचा आवाज आला नाही.
बाहेर येऊन म्हणालीस,
"ही जरा जास्तच भरलीस गं."

पावणेतीनला पाइप फुरफुरला, गप्प झाला.
गच्चीपर्यंत जायचं त्राण कुणाला होतं?
पिंपांच्या मधे चटई टाकली.
होस्टेलातल्या टेबलफॅनची मान
कायम शमशादकडं अडकलेली असायची, आठवतं?
तुझा चांगला आहे, फिरतो.
अंधारात शमशाद म्हणाली, "उसकी गर्दन अटका."
तू उठून अडकवलीस.

रविवारी तळं राहिलं, ब्लाउजपीसही राहिले.
दहापर्यंत झोपलो, दुपारी कडक भाकरी,
शेंगाचटणी कागदात, कागद पिशवीत, पिशवी पुन्हा पिशवीत,
आणि एक बाटली, गळ्यापर्यंत भरलेली.

एसटीत खिडकीशी बसून
सांडू नये अशी जपून प्याले. निम्मी ठेवली.
शेजारच्या बाईनं विचारलं, काय काय बघितलं?
मी म्हणाले, पुष्कळ.

पुढचा वार हिशेबानं बुधवार.
साडेअकराला फोन करीन.
उचल, पायरीवर ठेव,
आणि भरत राहा.