पहिला तास, खोली नंबर अकरा

नकाशा जुनाच आहे.
त्यावर सोव्हिएत युनियन अजून गुलाबी, अखंड,
मॉस्कोच्या जरा वर वाळवीनं एक बोळ काढलेला.
नव्या नकाशाची मागणी मी तीनदा केली.
ऑफिस म्हणालं, मॅडम, जग काय रोज बदलतंय?

बी.ए. भाग दोन. आंतरराष्ट्रीय संबंध.
चौतीस जण; त्यातल्या निम्म्यांनी विषय घेतला
कारण भूगोलाच्या जागा भरल्या होत्या.
मी फळ्यावर लिहिते: राष्ट्र.
खाली लिहिते: सार्वभौमत्व, आणि 'त्त्वा'शी खडू मोडतो.
खिडकीखाली के.एम.टी.चा ब्रेक किंचाळतो.

शेवटच्या बाकावर तन्वीर शिकलगार झोपलाय.
शिरोलीला फौंड्रीत रात्रपाळी करतो,
भुवयांत अजून काळी वाळू.
त्याला उठवायचं नाही, असा आमच्यात तह आहे,
ज्याची नोंद कुठल्याच संयुक्त राष्ट्रांत नाही.

मी सांगते:
घरात वाजलं तर थोरली माणसं असतात,
गल्लीत वाजलं तर तालीम मिटवते,
त्याहून वाढलं तर लक्ष्मीपुरी पोलीस ठाणं.
दोन देशांत वाजलं तर?
समजा, आखाडा आहे. तांबडी माती. जोड लागलीय.
आणि वस्तादच नाही.
पुस्तकात याला अराजक म्हणतात.
अराजक म्हणजे दंगा नव्हे, पोरांनो,
सोडवायला वर कुणी नसणं.

म्हाकव्याची अश्विनी हुजरे
वहीतनं मान वर न काढता म्हणते,
"वस्ताद हाय की मॅडम,
पर त्योच लांग कसून खाली उतरलाय."

वर्ग फुटतो.
मी टिपणं मिटते. एवढ्या एका वाक्यासाठी
मला दोन वर्षं एम.ए. करावं लागलं होतं.

हसण्यानं तन्वीर जागा होतो.
त्याला वाटतं, आपल्यालाच हसले.
उभा राहतो. म्हणतो, मॅडम, सोमवारपासनं झोपणार नाही,
पाळी बंद हाय.
का रे?
कुठल्या तरी खाडीत बोटी आडल्यात म्हणं.
आमचा माल गोदीत, पैसा तिकडं,
आणि आमी घरात.

साच्यांत बॅटरी मारून बघायचं हे त्याचं काम.
वाळूत नखाएवढी भेग असली तरी साचा बाद.
कास्टिंग निघतं दिवसपाळीत, ते त्यानं पाहिलेलं नाही.
भट्टीचं भंगारही बाहेरदेशचं;
एकदा मोटारीचं दार आलं होतं,
आतून कुण्या पोरानं चिकटवलेलं हसरं बदक.
ते खरवडून त्यानं डब्याला लावलं,
दार वितळलं.

माल जातो कुठं?
ते म्हायती नाही. पर गावाचं नाव साच्यात असतंय.
पुढं येतो, मोडका खडू उचलतो,
आणि न थांबता, सही केल्यासारखं,
आठ इंग्रजी अक्षरं लिहितो.
सगळी उलटी.
वाळूत ती तशीच असतात,
दोन वर्षं त्यानं ते गाव उलटंच वाचलंय.

अश्विनी पर्समधला आरसा काढते.
आरशात नाव सरळ होतं;
वाचता येतं सगळ्यांना, म्हणता येत नाही कुणालाच.
मागं नकाशाही दिसतो,
अमेरिका उजवीकडं, जपान डावीकडं,
आपण जरासे सरकलेले.

मला वाटलं, तिथंही कुणी असेल,
ज्याला नटबोल्टांच्या खोक्यावर
'कोल्हापूर' एवढं पाहून माहीत आहे
आणि ज्याची पाळी सोमवारपासून बंद आहे.
हे मी बोलले नाही. परीक्षेला येत नाही.

घंटा झाली.
जागतिकीकरणाची व्याख्या राहिली, म्हटलं, उद्या.
तन्वीर दाराशी घुटमळला.
"मॅडम, झोपलेल्याची हजेरी लागती का?"

फळा मी पुसला नाही.
पुढच्या तासाला अर्थशास्त्राचे सर आले,
त्यांनी पुसला.