कुठल्या कलमाखाली

फहाहील. पालिकेची इमारत, तिसरा मजला.
अकरा अधिकारी, दुभाषी सिद्दीग
आणि एसीच्या झोतात शाल पांघरलेली मी.
काचेबाहेर सत्तेचाळीस अंश,
धुळीत अर्धी विरघळलेली रिफायनरीची धुराडी.

विषय : माहिती कधी नाकारावी.
द्यावी कशी, ते गेल्या आठवड्यात कोणीतरी शिकवून गेलं,
अर्ध्या दिवसात उरकलं म्हणे.
नाकारण्याला चार दिवस दिलेत.

पहिल्या दिवशी म्हणाले, आमच्यात म्हणतात,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
सिद्दीगने ते अरबीत नेलं.
अबू मिशालने हात वर केला :
सव्वा लाख दिनार?
त्या हशात सांगून टाकलं
की मूठ उघडली तर आत बहुतेकदा
चहापाण्याचा हिशोब असतो,
एखाद्या साहेबाची चुकलेली बेरीज.
आणि लाज वाटणं हा अपवाद नाही.
शोधा, कायद्यात तो शब्द सापडणार नाही.
नकार द्याल तर कलम लिहा. कारण लिहा. सही करा.
वहीत उतरवून घ्या हे.

दुसरा दिवस हानीचा. कोणाची, किती, केव्हाची.
‘होऊ शकेल’ आणि ‘होईल’ यांच्या भांडणात
जेवणाची सुट्टी गेली.

तिसऱ्या दिवशी सराव. फाइल क्रमांक चार, मीच रचलेली :
पाण्याची टाकी कोसळते, खाली एक मजूर,
तपासणी अहवाल,
आणि त्याच्या आईचा अर्ज.
प्रत्येकाला एक काळा मार्कर.

हमूदने सगळंच काळं केलं,
त्या दिवशी वारा किती होता तेसुद्धा.
अबू मिशालने फक्त कंत्राटदार झाकला
आणि समासात कलमाच्या जागी लिहिलं,
चांगला माणूस आहे.
बुदूरने आईचा पत्ता झाकला, मजुराचा फोन नंबर झाकला.
बाकी पान पांढरं.
मग ती उठली, हमूदचा कागद उचलला
आणि खिडकीच्या काचेला लावला.

इथला दुपारचा सूर्य.
गळाला लागून विहिरीतली भांडी वर यावीत
तशी काळ्याखालची अक्षरं वर आली.
सगळ्यांनी वाचलं.
वारा : नव्हता.

सुट्टीत ती बाहेर गेली नाही.
सिद्दीग चहाला गेलेला, म्हणून मोडक्या इंग्रजीत :
मॅडम, ही फाइल खरी आहे?

म्हणाले, ते सांगता येणार नाही.

तिने वही उघडली. माझंच वाक्य, पहिल्या दिवसाचं,
खाली दोन रेघा.
कुठल्या कलमाखाली?

तळमजल्यावरची कचेरी, माझं टेबल,
थुंकी लावून चिकटवलेला दहा रुपयांचा स्टॅम्प,
थोडा तिरका.
अर्जदार : येसूबाई बाबाजी पाष्टे.
एकोणतिसाव्या दिवशी, मुदतीत, मी उत्तर पाठवलं :
मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची आहे.
मसुदा साहेबांचा. सही माझी.
मुलगा तिचा होता.
त्रयस्थ कोण होतं, हे तिने अपिलात विचारलं नाही,
कारण अपील करता येतं
हे मी उत्तरात लिहिलंच नव्हतं.

बुदूर उभी. घाई नाही तिला.
कलम, मी पुटपुटले, स्वतःशीच, मराठीत. कलम...

मागच्या रांगेत अबू मिशाल खजूर खात बसला होता.
तीन दिवसांत माझ्या भाषेतला
तेवढा एक शब्द त्याला कळला.
बोटं पुसली, खिशातलं पेन काढलं,
टोपण काढून
माझ्यासमोर धरलं.