सहा पॉइंट

प्रभुलिंग उंबरजे दुपारी तीनला आले.
प्रेसच्या पायरीवर चपला जोडून ठेवल्या
आणि टेबलावर पाकीट: थंड, घाम आलेलं,
अजून बिननावाचं.
आत सोयाबीन, वाटाण्याचा अर्क, बीटाचा रंग,
बाकी करामत अक्कलकोट रोडवरच्या शेडमधली.
"मटण लिहा," म्हणाले. "मोठ्ठं लिहा.
कोपऱ्यात हिरवा ठिपका."

त्यांच्या गळ्यात लिंग.
सात पिढ्यांत कुणी अंड्याच्या टरफलावर
पाय दिलेला नाही.
"मालक, मटणासारखं लागतं का पण?"
"ते तुम्हीच सांगायचं ओ, बोल्ली.
आम्हाला कसं कळणार?"

मी अशोक चौकातला. रविवारी सकाळी सातला
सौदागरच्या दुकानापुढं पिशवी घेऊन उभा असतो,
"नळी टाक बे एक" म्हणत.
म्हणून पाकीट घरी नेलं.
भूदेवीनं कांदा-खोबरं भाजलं, काळं तिखट घातलं,
कडक भाकरी चुरली सगळ्यांच्या ताटात.
नातू वाटीत बोटं घालून
नळी शोधत राहिला.
ताटावर आपटायला काहीच नव्हतं.
"रस्सा फस्क्लास," मी म्हणालो.
"रस्सा माझा आहे," ती म्हणाली,
"पाकिटाचं काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी उंबरजे कायद्याचा कागद घेऊन आले.
कुठलं अक्षर किती मिलिमीटर, कुठला शब्द चालेल,
कुठल्या शब्दाआधी कुठला शब्द लागेल.
वैतागले होते.
"मासवडीत मासा असतो का ओ?
कोंबडीवड्यात कोंबडी?
कुणी गेलं का कोर्टात?"
बरोबर होतं त्यांचं.
पण मासवडी वाढणारी बाई समोर उभी असते,
तिला विचारता येतं.
पाकीट दुकानात एकटंच असतं.

"मग 'वाटाण्याचं कालवण' लिहू?"
"कोण घेईल?"
हेही बरोबर होतं.

मग मी कॉम्प्युटरवर लिहिलं: मटण.
बहात्तर पॉइंट, लाल, कडेला वाफ.
आणि खाली, बोट आपोआप गेलं तिथं,
सहा पॉइंटात: सारखं.

हे बोट मला ओळखीचं आहे.
पूर्वी एका पार्टीनं लेबलं छापून नेली होती:
वर सोलापुरी चादर, मोर, दोन्ही बाजूंनी वेल,
खाली, वाचणाऱ्याला चष्मा लागेल असं,
'पद्धतीची'.
चादरी कुठं विणल्या मी विचारलं नाही.
रोख पैसे होते.
त्या दिवाळीला मेव्हण्यानं चार माग विकले,
किलोवर.
भंगारवाला काटा लावताना म्हणाला होता,
"हाडासकट घेतो, काळजी करू नका."
आम्ही हसलो होतो. मेव्हणासुद्धा.

"उंबरजे, तुम्ही स्वतः खाल्लं का हे?"
ते खिडकीतून बाहेर बघायला लागले.
"मशीन मी लावलं. कर्ज माझं.
पोरं चाखतात शेडमधली, बरं म्हणतात."
"तुम्ही?"
"हातात घेतलं होतं एकदा. तोंडापर्यंत नेलं."
थांबले.
"सारखं म्हटल्यावर कसं खाऊ ओ?"

सगळं वाटाण्याचंच होतं.
त्यांनीच दळलेलं, त्यांनीच भिजवलेलं.
तरी तो एक बारका शब्द
त्यांच्या घशात अडकला होता,
हाड नसलेल्या मटणातलं हाड.

मी काही बोललो नाही.
'सारखं'वर क्लिक केलं.
आठ. दहा. चौदा.
"बास की," उंबरजे म्हणाले.
अठरा.
"बोल्ली, गिऱ्हाईक घाबरेल."
"तुम्ही घाबरलात तेवढंच."
चोवीस.
बाहेर कुणीतरी लग्नपत्रिकेचं प्रूफ मागत होतं.
उंबरजे खुर्ची पुढं ओढून बसले,
चष्मा काढला, पुसला,
आणि चष्म्याशिवाय
स्क्रीनकडं बघून म्हणाले,
"आता दिसतंय.
अजून एक वाढवून बघा."