अर्ध्या तासाचा चौकोन

समडोळीत दुपारी तीनला
राजाक्का मगदूम म्हणाली, 'इचार की गं,
मी काय बसूनच हाय.'
बसून ती शेंगा फोडत होती.

मी टॅबवर तिचा कालचा दिवस उघडला.
पहाटे चार ते साडेचार?
'पाणी आलं, भरलं.
सासूचं अंग पुसलं.
दूध उतू जाईल म्हणून तिकडं एक डोळा.'
चौकोनात एकच काम बसतं, मी म्हटलं,
मुख्य कुठलं ते सांगा.
ती हसली. 'ज्याची हाक आधी येईल ते.'

असं करत रात्रीपर्यंत आलो.
दहा ते चार: झोप.
मी न विचारताच भरून टाकलं.
मग तिच्या मनगटावर
नाडीचा वळ दिसला.
'दुसरं टोक म्हातारीच्या हाताला बांधते.
ती हलली की मला कळतंय.'
काल किती वेळा हलल्या?
'मोजलं न्हाई.'

मी झोप खोडली.
टॅब म्हणाला, रकाना रिकामा ठेवता येत नाही.

आतून हाक आली.
शेंगांचं सूप माझ्या मांडीवर ठेवून
ती उठून गेली.

ती येईपर्यंत मी
फोडत बसले.
किती वेळ, ते बघितलं नाही.