चार नंबरच्या कॉम्प्युटरवरचा र

शुक्रवारी सहावी ‘ब’ला मी खजिना शोधायला बसवलं.
दहा कोडी, सात कॉम्प्युटर, एकोणचाळीस पोट्टे
आणि एक कूलर, ज्यात पाणी भरायचं
त्या दिवशी गेडामच्या लक्षात राहिलं होतं.

पहिलं कोडं मुद्दाम सोपं :
घोडे चार, पळत एकही नाही,
मधला खांब मात्र गावोगावचं अंतर सांगतो.
“झिरो माईल! मॅडम, झिरो माईल!
माह्या बाबाचा पानठेला तं तिथूनच पुढं आहे.”
“हळू बोल नं बे, तीन नंबरवाले ऐकून राहिले.”

तिसऱ्या कोड्यात नाग नदी.
जिच्या पुलावरून रोज नाक दाबून येतात
ती पडद्यावर टेकड्यांमधून निघाली,
निळी, बारीक, कोणाचं काही न बिघडवलेली.
झंकार पराते म्हणाली,
“हे दुसरीच कोणती असंल, मॅडम.”

पाऊण तासात बक्षिसाची संत्रागोळी वाटून झाली.
खजिना संपला, असं मला वाटलं.

दुपारी शाळा रिकामी झाल्यावर
कोणी शोधलं आणि कोणी शेजारच्याचं उतरवलं
हे बघायला मी एकेका कॉम्प्युटरची हिस्टरी उघडत गेले.
पोलिसी काम. आवडतं मला, खोटं कशाला बोलू.

चार नंबरच्या कीबोर्डवर ‘र’ उमटत नाही.
दिवाळीपासूनची तक्रार, अर्ज वरच्या ऑफिसात.
म्हणून तिथं सगळं असं :
नागपू शहाचा इतिहास.
कस्तूचंद कोण होता.
मी एकटीच हसले.
मग अकरा बावन्नला, पाचव्या आणि सहाव्या कोड्याच्या मधात :

शाळेतून नाव काढलं त पत घेतात का

आणि लगेच खाली :
दाखला नसला त

पुढे काही नाही.
थेट सहावं कोडं, अंबाझरीचा तलाव.
दोन्ही ओळींवर मिळून चाळीस सेकंदही गेलेले नाहीत.
तो ‘त’ आमच्याकडचा ‘तं’ होता की र गळलेला ‘तर’,
ते मला ठरवता आलं नाही.
‘पत’चं मात्र कॉम्प्युटरलाही कळलं होतं. त्यानं विचारलं होतं :
तुम्हाला ‘परत’ म्हणायचं आहे का?

चार नंबरवर तिघं होते.
प्रज्योत, ज्याच्या घराचा पत्ता हजेरीत मी
या वर्षात तीनदा खोडून लिहिला.
सबा.
आणि भाविका नान्हे, जिचे आईवडील विटाभट्टीवर जातात
आणि जी जानेवारीत न सांगता
बावीस दिवस आली नव्हती.
सबाबद्दल मला काहीच माहीत नाही,
हे मला तिथं, त्या खुर्चीवर, पहिल्यांदा कळलं.

विचारलं असतं तर तिघांनीही मान हलवली असती, आडवी.
एवढी तर मी बाई आहे अठरा वर्षांची.

सोमवारी नवीन खजिना. अकरा कोडी.
बसा जिथं बसायचं तिथं, म्हटलं, आज नंबर नाहीत.
अकराव्याला गुण नव्हते, कोडंही नव्हतं,
नुसती एक लिंक, आणि आत मी टाइप केलेलं पान :
हो, घेतात. दाखला नसला तरी.
वर्षाच्या मधातही. फी नाही, दंड नाही.
मला सांगायला जड जात असेल
तर गेडामकाकांना सांगा. ते कोणाला बोलत नाहीत.

संध्याकाळी पुन्हा हिस्टरी.
चार नंबर : उघडलं नाही.
दोन नंबर : उघडलं.
पाच : उघडलं, मग पुन्हा उघडलं.
सात नंबरवर ते पान
घंटा होईपर्यंत उघडंच होतं.

मी एका मुलाला शोधत होते.

गेडाम झाडू घेऊन आला. टाचणीनं त्यानं
चार नंबरचा र उचकटून त्याखालचा बिस्किटाचा चुरा काढला,
दाबून पाहिला. रररर.
“लागला, मॅडम,” म्हणाला.
मग पाठमोराच, कूलरचं बटण बंद करता करता :
“दोघं येऊन गेले.
नाव नाही विचारलं मी.”